जेवढं निघालं, तेवढंच घातलं

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक. चार स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटरवर ७४,००० किलोमीटर. मालक आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या गल्लीतले काकाजी. निवृत्त माणूस, गाडी स्वतःच चालवतात आणि दर रविवारी स्वतःच धुतात. एप्रिलच्या शेवटी त्यांनी मला फाटकाशीच थांबवलं. "सकाळी डीमध्ये टाकली का गाडी विचारच करून राह्यते बाप्पा. मंग एकदम धक्का मारते."

मी मेकॅनिक नाही. माझ्या गाडीचं इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, कूलंट गेली बरीच वर्षं घरीच बदलतो, एवढीच माझी पात्रता. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं हे प्रकरण लिहून काढायचं कारण असं की यात मी एक चूक केली, ती मला पंधरा दिवस दिसली नाही, आणि ज्या नियमावर भरवसा ठेवून केली तो नियम सगळेच सांगतात.

दोन तक्रारी, एक समजूत

काकाजींच्या तोंडी तक्रार एकच होती: "गिअरबॉक्स गेला." शेजारी बसून चार दिवस गाडी फिरवली तेव्हा त्या दोन निघाल्या. पहिली सकाळची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करून पी (पार्क) वरून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली की मोबाइलच्या घड्याळावर तीन सेकंद काहीच होत नसे, मग धाडकन गिअर लागे. दिवसभरात पुन्हा हे होत नसे. दुसरी दुपारची. सीताबर्डीच्या गर्दीत अर्धा तास रेंगाळल्यावर दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडे, आरपीएमचा काटा ३,२०० पर्यंत चढे, मग गिअर पकडे.

गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. एकीकडे सांगितलं, गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं, त्याला हात लावू नका. दुसरीकडच्या मिस्त्रीचं म्हणणं, "ऑइल बदलून काई होत नाई काकाजी, डबा खोलाच लागते." गिअरबॉक्स खोलायच्या खर्चाचा अंदाज गाडीच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता.

"आयुष्यभराचं" या शब्दावर थोडं थांबतो. काकाजींच्या गाडीचं पुस्तक काढलं. साध्या वापराच्या तक्त्यात गिअरबॉक्स ऑइलपुढे खरोखरच बदलायची गरज नाही असं छापलेलं होतं. दोन पानं पुढे कडक वापराचा वेगळा तक्ता होता आणि त्यात ऑइल बदलायचं किलोमीटर दिलेलं होतं. कडक वापर म्हणजे काय, याची यादी खाली बारीक अक्षरात: धूळ, टोइंग, डोंगरी रस्ते, आणि ३२ अंशांच्या वर तापमान असताना गर्दीच्या रस्त्यावर चालवणं. ३२ अंश! आमच्याकडे होळीच्या आधीच पारा तिथे पोचतो, आणि मे महिन्यात ४५ झाले तरी कोणी बातमी म्हणून सांगत नाही. नागपूरची गाडी वर्षातले कितीतरी महिने कडक वापरातच असते. ते पान नऊ वर्षांत कोणी उघडलं नव्हतं, हे वेगळं.

हे ऑइल नेमकं करतं काय

इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. एटीएफला, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला, चार नोकऱ्या असतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पंख्यावरून पंख्यावर तेच वाहून नेतं. पंपाच्या दाबाने, व्हॉल्व बॉडीतल्या बारीक वाटांमधून जाऊन क्लचच्या चकत्या तेच दाबतं. गिअर आणि बेअरिंगचं वंगण तेच. आणि उष्णता उचलून रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरपर्यंत तेच नेतं. शिवाय चकत्या एकमेकींना किती झटकन किंवा किती हळुवार धराव्यात, हे त्यातल्या घर्षण जुळवणाऱ्या रसायनांवर ठरतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बंदी येईपर्यंत या कामासाठी चक्क स्पर्म व्हेलचं तेल मिसळत असत. ते बंद झाल्यावर कृत्रिम पर्याय शोधताना कंपन्यांची बरीच दमछाक झाली होती. म्हणून दुकानदार "लाल म्हणजे लाल, कोणतंही घाला" म्हणाला तर ऐकायचं नाही. लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, तो गळतीच्या वेळी इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. रंगावरून जात कळत नाही. पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच डब्यावर लिहिलेला हवा.

आणखी एक. आपल्याकडे क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी "ऑटोमॅटिक". पण एएमटीमध्ये साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि त्याला साधं गिअर ऑइल लागतं. सीव्हीटीचा पट्टा आणि पुली वेगळ्याच द्रवावर चालतात, ड्युअल क्लचचं ऑइल आणखी वेगळं. इथे लिहिलंय ते फक्त टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, आणि तेही डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची काडी) असलेल्या गाडीबद्दल. नव्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते, त्यांची पातळी खालच्या बोल्टमधून ठरावीक तापमानाला ऑइल ओघळतं का ते पाहून ठरवतात. त्या गाड्यांवर एकच सांगेन: काढायचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा. रिकामा गिअरबॉक्स आणि वर जाम झालेला बोल्ट घेऊन पोर्चमध्ये बसायची वेळ यायला नको.

पोर्चचा उतार

काकाजींच्या पोर्चला पाणी वाहून जावं म्हणून फाटकाकडे उतार आहे. डोळ्याला दिसत नाही. पण पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून लेव्हल पाइप मागून आणला आणि पाणी भरून धरला, तर पुढच्या आणि मागच्या चाकांत जवळपास अडीच इंचांचा फरक निघाला. एवढ्या फरकाने डिपस्टिकवरचं वाचन सहज खोटं पडतं. मागच्या चाकांखाली सेंट्रिंगच्या फळ्या सरकवून गाडी सपाट केली.

खाली शिरायचं तेव्हा चारही बाजूंना स्टँड लावले. गाडीसोबत येतो तो कात्रीचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालणारा माणूस दिसला तर मी त्याला पाय धरून बाहेर ओढीन.

तापमान मोजायला काकूंनी करोनाच्या वेळचं कपाळाचं थर्मामीटर उत्साहाने आणून दिलं. गिअरबॉक्सवर धरलं तर त्याने नुसतं "हाय" दाखवलं. माणसाच्या तापापलीकडे त्याला काही कळत नाही. शेवटी माझ्या मल्टिमीटरची तापमानाची वायर कामी आली. कूलंटचं तापमान दाखवणारं ॲप बघून गिअरबॉक्सचा अंदाज बांधू नये. दोन्ही वेगळी असतात, आणि गिअरबॉक्स बराच उशिरा तापतो.

मेचा पहिला रविवार

सकाळी सहाला सुरुवात केली, नंतर फरशीवर पाठ टेकवत नाही म्हणून. गाडी दहा मिनिटं फिरवून ऑइल कोमट करून घेतलं. कोमटच. चांगलं तापलेलं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत कसं येतं, हे मला इंजिन ऑइलने एकदा शिकवलेलं आहे.

बोल्ट उघडला. ऑइल तपकिरी, चहाच्या गाळासारखं, वासही किंचित जळका. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थर होता. तो बोटांत चोळून पाहिला. मऊ लागला, कच नाही, चमकणारे तुकडे नाहीत. क्लचच्या झिजेची आणि लोखंडाची अशी बारीक पूड एवढ्या किलोमीटरला असायचीच. तुकडे असते तर मी बोल्ट तसाच लावून गाडी त्या मिस्त्रीकडे पाठवली असती. फिल्टर आतल्या बाजूला, डबा उघडल्याशिवाय निघत नाही, म्हणून त्याला हात लावला नाही.

निघालेलं ऑइल काकूंच्या जुन्या मापाच्या भांड्यात मोजलं: ३.१ लिटर. बोल्टला नवा वॉशर लावला, पुस्तकातल्या आकड्याइतकाच आवळला, आणि डिपस्टिकच्या नळीत बारीक फनेल घालून ३.१ लिटर नवं ऑइल घातलं. सावकाश, अर्धा तास लागला.

चूक इथेच झाली.

जेवढं निघालं तेवढंच घालायचं, हा नियम मी कुठून शिकलो ते आठवत नाही. सगळे तसंच सांगतात. त्यातलं न बोललेलं गृहीतक असं की आधीची पातळी बरोबर होती. मी काढण्याआधी पातळी नीट तपासली नव्हती, कारण काकाजींनी ती पाहिलेली होती. "मी दर रविवारी काडी पाहतो ना. ऑइल तं वरच्या खुणेच्याही वर हाये." ते खोटं बोलत नव्हते. मी काडी ओढून बघितली, खरोखर वर होती. सकाळी, गार, इंजिन बंद.

पंधरा दिवस

पहिल्या दिवशी काकाजी खूश. दुपारी सीताबर्डीहून आले ते फाटकातूनच ओरडले, "लोण्यावानी चालते बे!" दुसऱ्यावरून तिसऱ्यात जातानाची ती ओरड जवळपास गेली होती. ते समजण्यासारखं होतं. साडेसहा लिटरमधलं निम्म्याच्या आसपास ऑइल नवं झालं होतं. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं, बोल्टमधून ते येत नाही.

सकाळचे तीन सेकंद मात्र तसेच राहिले. धक्काही तसाच. आणि आठवड्याने एक नवीनच गोष्ट दिसली, किंवा आधीही असावी पण ओरडीखाली दबलेली होती: वर्धा रोडवरच्या डबल डेकर उड्डाणपुलाच्या चढावर, आणि वळणावर गोल फिरताना, क्षणभर ताकद तुटल्यासारखी होई आणि बारीक शिट्टी ऐकू येई.

मी सोलेनॉइडवर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या वाटा उघडझाप करणाऱ्या विजेच्या झडपांवर, संशय घेतला. मिस्त्रीने फोनवर सांगितलं, "मी तं पयलेच म्हटलं होतं, खोला लागते." दोघंही सुट्या भागांकडे बघत होतो. काय सुधारलं आणि काय नाही, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहायला मला दोन आठवडे लागले. लिहिलं तेव्हा दिसलं की जे जुन्या ऑइलमुळे होतं ते सुधारलंय, आणि जे सुधारलं नाही ते सगळं पंपाने हवा ओढल्यासारखं आहे. चढावर, वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं. पातळी कमी असेल तर फिल्टरचं तोंड उघडं पडतं. रात्री उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधलं काही ऑइल हळूहळू खाली उतरतं. सकाळी इंजिन सुरू केलं की पंप ते वर ओढून कन्व्हर्टर भरतो, खालची पातळी एकदम घसरते, आणि शिल्लकच कमी असेल तर गिअर लागायला दाब उभा राहायला वेळ लागतो. तीन सेकंद!

काकाजींची काडी भरलेली का दिसत होती, त्याचं उत्तरही यातच होतं. इंजिन बंद असताना वरचं ऑइल खाली उतरलेलं असतं, म्हणून पातळी जास्त दिसते. इंजिन ऑइलची काडी बंद गाडीत पाहायची, ही सवय हाडीमाशी खिळलेली. या गाडीची गिअरबॉक्सची काडी मात्र इंजिन चालू ठेवून, ऑइल ७० ते ८० अंश तापलेलं असताना पाहायची, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. ते मी वाचलंही होतं. वाचून पुढे गेलो होतो.

काडी, दुसऱ्यांदा

गाडी वीस मिनिटं गावात फिरवून आणली. फळ्यांवर सपाट उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना अडणी लावली. ब्रेकवर पाय ठेवून पी पासून शेवटपर्यंत प्रत्येक गिअरमध्ये दोन-दोन सेकंद थांबत लिव्हर फिरवला आणि परत आणला, म्हणजे सगळ्या वाटा भरतात. मल्टिमीटरवर ७५ अंश. इंजिन चालू. धागे न सुटणाऱ्या कापडाने काडी पुसली. कापडाचं म्हणाल तर गॅरेजमधलं सूत वापरूच नये, त्यातला एक धागा व्हॉल्व बॉडीत गेला की वेगळं प्रकरण सुरू.

काडीचं फक्त टोक ओलं होतं. गरम खुणेचा तर संबंधच नाही.

काकाजी काडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. "मंग मी नऊ वर्षं काय पाहून राह्यलो होतो?"

२०० मिलिलिटर घातलं, लिव्हर फिरवला, दोन मिनिटं थांबलो, काडी पाहिली. पुन्हा २००. एकदम ओतायचा मोह आवरावा लागतो, कारण ऑइल जास्त झालं तर फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाळलेल्या ऑइलची लक्षणं कमी ऑइलसारखीच असतात. जास्तीचं काढायचं तर काडीच्या नळीतून सिरिंजने ओढत बसावं लागतं. तापमानाचंही भान ठेवायला लागतं: साडेसहा लिटर ऑइल ५० अंशांनी तापलं तर सुमारे पाव लिटरने फुगतं. म्हणून मोजणी एकाच तापमानाला व्हायला हवी, आणि मेच्या दुपारी "गार" पातळी म्हणून काही नसतंच. सावलीतली गाडीही चाळिशीला असते.

७०० मिलिलिटरला पातळी दोन गरम खुणांच्या मधोमध आली. म्हणजे त्या रविवारी ३.१ निघालं, ते ३.८ असायला हवं होतं. मी कमी ऑइल काढलं आणि इमानेइतबारे तेवढंच कमी परत भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीमध्ये टाकली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. एक सेकंदाच्या आत लागला. धक्का नाही. काकाजी काही बोलले नाहीत, पुन्हा पीमध्ये घेऊन पुन्हा डीमध्ये टाकली.

७०० मिलिलिटर गेलं कुठे

फरशीवर कधी थेंब नव्हता. पुठ्ठा अंथरून तीन रात्री पाहिला, कोरडा. गाडीखालचा प्लॅस्टिकचा पत्रा काढला तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला काळी, चिकट माती जमलेली दिसली. घासून पुसून सगळं स्वच्छ केलं, कूलरच्या नळ्यांवर आणि जोडांवर टाल्कम पावडर मारली (काकू रांगोळी घेऊन आल्या होत्या, ती दाणेदार असते, ओल नीट दाखवत नाही) आणि पन्नास किलोमीटर चालवली. परतीच्या रबरी नळीच्या रेडिएटरकडच्या टोकाला पावडर गुलाबी झाली होती. नऊ उन्हाळ्यांत नळी लाकडासारखी कडक झालेली, क्लॅम्पखाली बारीक भेग. गाडी चालू असताना दाबाने तिथून ऑइल पाझरत होतं आणि जमिनीवर पोचायच्या आधी धुळीत मुरत होतं.

नवी नळी घेताना ती ऑइलसाठीची आहे हे बघून घेतली. पाण्याची साधी रबरी नळी बसते, पण ऑइलने फुगते आणि मऊ पडते. बदलताना सांडलेलं एका डब्यात धरून मोजलं, तेवढं परत घातलं, आणि यावेळी नंतर काडीही पाहिली. गरम, चालू, सपाट.

जूनच्या अखेरीस, पावसाने पोर्च धुऊन काढल्यावर, दुसऱ्यांदा ऑइल बदललं. ३.८ निघालं, ३.८ घातलं. या हिशेबाने मूळ जुन्या ऑइलचा सहावा-सातवा हिस्सा आत उरला. तिसऱ्यांदा बदलून तो आणखी खाली आणता येतो, पण दुसऱ्या वेळी निघालेलं ऑइल लालसरच होतं, म्हणून थांबलो. मशीनने दाब देऊन सगळं एकदम धुऊन काढायचा पर्याय काकाजींना कोणीतरी सुचवला होता. एवढ्या जुन्या, कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सवर ते करायची माझी तयारी नव्हती. अर्धं अर्धं बदलण्यात वेळ जातो, बाकी काही जात नाही.

डबे

सात लिटरच्या आसपास वापरलेलं ऑइल कॅनमध्ये जमा झालं. पलीकडचा गवंडी लगेच म्हणाला, "काकाजी, द्या ना जी आमाले, पाट्याईले लावतो." सेंट्रिंगच्या पाट्यांना काळं ऑइल लावायची रीत जुनीच आहे, आणि त्याच्याच लेव्हल पाइपवर आमचं काम झालेलं, त्यामुळे नाही म्हणणं जड गेलं. पण वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं आणि ते परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. पाट्यांवरचं ऑइल पहिल्या पावसात नालीत उतरतं, आणि आमच्या नाल्या पुढे कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी जिथे सर्व्हिसिंगला जाते तिथल्या पिंपात कॅन रिकामा करू द्या, अशी विनंती केली. पहिल्यांदा कटकट झाली, मग घेतला. गवंड्याला काकाजींनी शटरिंगच्या तेलाची एक बाटली आणून दिली.

सगळा खर्च ऑइल, वॉशर, नळी आणि ती बाटली धरून सहा हजारांच्या आत आला. माझ्या पंधरा दिवसांचा हिशेब यात नाही.

आता काकाजींकडे एक वही आहे. तारीख, किलोमीटर, काडीची पातळी, आणि पुढे "गरम, चालू" असे दोन शब्द. ऑगस्टच्या एका नोंदीपुढे त्यांनी लिहिलंय: "पहिल्यावरून दुसऱ्यात हलका ठोका, फक्त एसी चालू असताना." तो मीही ऐकला. बॉनेट उघडून, ब्रेक दाबून डी आणि आरमध्ये घेतली तेव्हा इंजिन जागेवरून बरंच उचलताना दिसलं, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या माउंटचं (धरून ठेवणाऱ्या आधाराचं) रबर फाटलेलं असणार. ते पुढच्या रविवारी बघायचं आहे, पाऊस उघडला तर.